ओसरीवरचं नेट मागच्या खोलीत

मी बचत गटांची समन्वयक. घाटंजी आणि आर्णीकडच्या गावांत माझं फिरणं असतं, त्यामुळे तुमच्यातल्या बऱ्याच जणी मला आवाजावरूनच ओळखतील. आज हप्ता, व्याज, थकबाकी यातलं काही काढणार नाही. आज बोलायचं आहे वायफायबद्दल, आणि ते घरातल्या कोणत्या खोलीत पोचतं त्याबद्दल.

गावात फायबर येण्याची गोष्ट तशी जुनी आहे. केंद्र सरकारनं २०११ मध्ये गावोगावच्या ग्रामपंचायतीपर्यंत फायबर नेण्याची योजना मंजूर केली, २०१५ पासून तिला आपण भारतनेट म्हणतो. पंचायतीच्या कपाटात ती पेटी कित्येक वर्षं दिवे लुकलुकवत बसली. आता कुठं काही गावांत तिथून पुढं घराघरांत जोडणी मिळू लागली आहे. लाईनमन येतो, वायर आत घेतो आणि विचारतो, "राऊटर कुठं बसवू?" त्या वेळी घरात जो कोणी पुरुषमाणूस असेल तो ओसरीकडे बोट दाखवतो. टीव्ही तिथं, बोर्ड तिथं, पाहुणे तिथं. राऊटर ओसरीच्या भिंतीवर टांगला जातो आणि सगळे खूश होतात.

आता आपली कामं कुठं होतात ते बघा. ग्रामसंघाच्या लिपिकाताई लोकोस ॲपमध्ये गटांच्या नोंदी भरतात त्या दुपारी, सैपाकखोलीत किंवा मागच्या खोलीत, कारण वह्या आणि शिक्के तिथल्या पेटीत असतात. बँकसखीचं अंगठ्याचं मशीनही पुष्कळदा मागेच असतं, कारण म्हातारी बाई आपले निराधारचे पैसे काढताना चार माणसांसमोर बोलू इच्छित नाही. पोरगी बारावीला असली की तिला दार लावून बसायला मागचीच खोली मिळते. आणि नेमकं तिथं नेट पोचत नाही. मग सून मोबाईल घेऊन ओसरीच्या उंबऱ्याशी उभी राहते. ओसरीवर सासरे, त्यांचे दोन मित्र. पाच मिनिटांत कोणीतरी म्हणतोच, "काय पाह्यते वं एवढं?" ती आत निघून जाते. नोंद अर्धी राहते.

हे मी एका घराचं सांगत नाही. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात विचारलं होतं की तुम्ही कधी इंटरनेट वापरलं आहे का. ग्रामीण भारतात हो म्हणणाऱ्या बाया २४.६ टक्के आणि पुरुष ४८.७ टक्के. निम्म्याचा फरक. याला मोबाईल नसणं, शिक्षण, पैसा अशी खूप कारणं आहेत. पण ज्या घरात जोडणी आहे, महिन्याचं बिल भरलं जातं, तिथंही बाईपर्यंत नेट पोचू नये, हे कारण तरी आपल्याला हटवता येतं. त्यासाठी लागतो एक छोटा डबा. त्याला वायफाय एक्स्टेंडर म्हणतात, काही दुकानदार रिपीटर म्हणतात.

तो काय करतो ते समजण्यासाठी दवंडी आठवा. कोतवाल चावडीपुढं दवंडी देतो. गल्लीच्या मध्यावर उभा असलेला माणूस ती ऐकतो आणि मागच्या घरांना ओरडून सांगतो. एक्स्टेंडर म्हणजे हा मधला माणूस. तो नवीन काही सांगत नाही, ऐकलेलं पुढं देतो. त्यालाच नीट ऐकू येत नसेल तर तो अर्धवटच सांगणार. आणि ऐकताना त्याला ओरडता येत नाही, ओरडताना ऐकता येत नाही, म्हणून साध्या, एकाच पट्ट्यावर चालणाऱ्या एक्स्टेंडरमध्ये नेटचा वेग साधारण निम्मा होतो. दुकानदार "वेग वाढेल" म्हणाला तर समजून घ्या की पोहोच वाढेल, वेग नाही. लोकोसच्या नोंदीला, पैसे पाठवायला, व्हिडिओ सभेला निम्मा वेगही बहुतेक वेळा पुरतो.

एकाकडून ऐकून दुसऱ्याला सांगायची ही कल्पना आपल्या महाराष्ट्रात मोठ्या प्रमाणावरही वापरून पाहिली आहे. पालघर जिल्ह्यात खामलोली आणि आजूबाजूच्या पाड्यांवर मुंबईच्या आयआयटीच्या लोकांनी टीव्हीसाठी राखलेल्या पण रिकाम्या पडलेल्या लहरी वापरून इंटरनेट नेलं. त्यांच्या ग्राममार्ग प्रकल्पाला २०१७ मध्ये मोझिला संस्थेच्या स्पर्धेत पहिलं बक्षीस मिळालं. आपल्या शेजारच्या अमरावती जिल्ह्यात, मेळघाटातल्या हरिसाललाही २०१६ च्या सुमारास डिजिटल गाव करताना तशाच लहरी वापरल्या. या गावांच्या बातम्या झाल्या. तुमच्या माजघरातून सैपाकखोलीत नेट नेल्याची बातमी होणार नाही, पण अडचण तीच आहे, मधली दहा-वीस हात.

आता डबा कुठं लावायचा? बहुतेक जणी इथं चुकतात. मागच्या खोलीत नेट नाही म्हणून डबा मागच्या खोलीतच लावतात. तिथं त्याला स्वतःलाच ऐकू येत नाही. तो लावायचा मधे, जिथं मोबाईलवर वायफायच्या निदान दोन-तीन काड्या दिसतात तिथं. आधी मोबाईल हातात घेऊन घरभर फिरा आणि प्रत्येक जागी काड्या मोजा.

आपल्याकडच्या घरांत हे फिरणं फार कामाचं आहे. मातीच्या हात-दीड हात जाड भिंती असतात, पावसाळ्यात त्या ओल धरतात, आणि ओल वायफायला खाते. पत्र्याची कोठी, लोखंडी कपाट, टिनाचं छत यांवरून लहरी परत फिरतात. उन्हाळ्यात खिडकीत बसवलेला कुलर म्हणजे पत्रा अधिक पाणी, दोन्ही वैरी एकत्र. म्हणून मार्चमध्ये नीट चालणारा एक्स्टेंडर एप्रिलमध्ये कुलर आल्यावर अडखळू लागला तर डब्याला दोष देऊ नका, त्याला हातभर सरकवा. डबा कोठीच्या मागे किंवा कपाटावर नको, उघड्या भिंतीवर छातीच्या उंचीला बरा. आणि टिनाच्या अगदी खाली तर मुळीच नको. आपल्याकडचं मे महिन्यातलं ऊन तुम्हाला सांगायला नको, तिथं डबा भाजून निघेल.

आता जोडणी. पहिल्यांदा जोडताना डबा राऊटरच्याच खोलीत लावा. जोडून झाला की मग उचलून मधे न्या, त्याला सगळं लक्षात राहतं. डब्याच्या मागे चिकटवलेल्या कागदावर त्याच्या स्वतःच्या वायफायचं नाव छापलेलं असतं. मोबाईलचा डेटा बंद करा. ही गोष्ट छोटी वाटते, पण अर्धी डोकेदुखी यातच आहे. या वायफायला अजून इंटरनेट नाही म्हणून मोबाईल गुपचूप डेटावर जातो, आणि डब्याचं पान उघडतच नाही. डेटा बंद करून त्या छापील नावाला जोडा. "इंटरनेट नाही, तरी जोडून ठेवू का?" असं मोबाईल विचारेल, हो म्हणा. मग कागदावर दिलेला पत्ता ब्राउझरमध्ये टाका किंवा कंपनीचं ॲप असेल तर ते उघडा.

तिथं पहिल्यांदा डब्यासाठी एक पासवर्ड ठरवायला सांगतील. हा वायफायचा पासवर्ड नाही, डब्याच्या कुलपाची किल्ली आहे. पुढं नाव-पासवर्ड बदलायचे तर तोच लागेल, म्हणून लगेच वहीत लिहा. मग डबा आजूबाजूच्या वायफायची यादी दाखवेल. त्यातून तुमच्या राऊटरचं नाव निवडा आणि त्या वायफायचा पासवर्ड टाका. यादीत तुमचंच नाव दोनदा दिसलं, एक २.४ आणि एक ५ असं, तर साध्या डब्यासाठी २.४ चं घ्या. ५ चं वेगवान असतं पण भिंती ओलांडताना लवकर दमतं, २.४ चं जरा हळू पण लांब जातं.

यानंतर येतो तो प्रश्न, ज्याच्यासाठी मी आजचा हा विषय घेतला. एक्स्टेंडरच्या वायफायला राऊटरचंच नाव ठेवायचं की वेगळं?

काही डबे बटण दाबून जोडता येतात. राऊटरवरचं डब्ल्यूपीएस बटण दाबायचं, दोन मिनिटांच्या आत डब्यावरचं दाबायचं, झालं. तसं जोडलं तर बरेच डबे आपणहून राऊटरचंच नाव आणि पासवर्ड घेतात, काही त्याच नावाला शेपूट जोडतात. जोडणारा मुलगा घाईत असतो, बटणं दाबून चहा पिऊन निघून जातो. त्याला थांबवून वेगळं नाव टाकून घ्या, किंवा नंतर डब्याच्या पानावर जाऊन स्वतः टाका.

वेगळं नाव का, ते सांगते. एकच नाव असलं की मोबाईल कोणाला धरून बसला आहे ते कळत नाही. ओसरीवरून आत आलात तरी बरेच मोबाईल राऊटरचा मरतुकडा धागा सोडत नाहीत, शेजारी डबा असूनही. तुम्हाला वाटतं डबा खराब आहे. नावं वेगळी असली की एका नजरेत दिसतं आणि बोटानं बदलता येतं. बँकसखीला तर याचा फार उपयोग. अंगठा लावल्यावर मधेच नेट तुटलं तर पैसे गेले की नाही गेले याचा गोंधळ होतो. अशा वेळी परत अंगठा लावू नये, आधी शिल्लक किंवा मिनी स्टेटमेंट बघावं. पण मुळात तुटूच नये म्हणून तिनं व्यवहाराआधी आपण मागच्या खोलीच्या नावावर आहोत ना, हे बघून घ्यावं.

बिघाड शोधायलाही नाव उपयोगी पडतं. मागच्या नावावर काड्या भरलेल्या आहेत पण काही उघडत नाही, असं झालं की ओसरीवर जाऊन पुढच्या नावाला जोडून बघा. तिथंही बंद असेल तर फायबरच तुटली आहे, डबा बिचारा नुसता ओरडतो आहे. तिथं चालू असेल तर डब्यात किंवा त्याच्या जागेत बिघाड. तक्रार कोणाकडे करायची ते दोन मिनिटांत ठरतं. मोबाईलवरच्या काड्या म्हणजे इंटरनेट नव्हे, त्या फक्त डबा जवळ असल्याची खूण आहेत.

वेगळ्या नावाची गैरसोय आहे ती एवढीच की ओसरीतून आत गेल्यावर कधी कधी हातानं नाव बदलावं लागतं. घरभर फिरत फोनवर व्हिडिओ कॉल करणाऱ्याला याचा त्रास होईल. एका जागी बसून काम करणाऱ्या बाईला होत नाही.

आता घरातलं राजकारण. वेगळं नाव म्हटलं की विचारलं जातंच, "तुले वेगळं नाव कायले पाह्यजे? लपवतं काय?" माझ्या ओळखीच्या एका ताईंच्या घरात यावरून दोन दिवस अबोला होता. त्यांनी तिसऱ्या दिवशी नवऱ्याला समोर बसवलं, स्वतःच्या मोबाईलवर दोन्ही नावं दाखवली आणि दोन्हीचे पासवर्ड त्याच्याच हातानं वहीत लिहून घेतले. आता वीज गेली आणि आली की डबा सुरू झाला का ते तोच बघतो. माझं मत विचाराल तर मी म्हणेन की हे उघड करा. गटाचं पासबुक वेगळं असतं तेव्हा त्याला कोणी चोरी म्हणत नाही. पण डबा गुपचूप लावला तर मात्र संशय येणारच, आणि बिल भरताना तो बाहेर निघेल.

याचबरोबर एक गैरसमजही काढून टाकते. वेगळं नाव म्हणजे वेगळं इंटरनेट नव्हे. बऱ्याच डब्यांना वेगळा पासवर्ड देता येतो, तो जरूर द्या, म्हणजे ओसरीवर येणाऱ्या-जाणाऱ्या पोट्ट्यांना मागचं वायफाय आपोआप मिळणार नाही. पण पाणी एकाच टाकीतलं आहे. पुढं चौघं मिळून क्रिकेट बघत बसले तर मागं तुमची नोंद रखडेल. आणि पुढच्या वायफायवर असलेला माणूस तांत्रिकदृष्ट्या तुमच्याच घरच्या जाळ्यात असतो. पाहुण्यांना खरोखर वेगळं ठेवायचं असेल तर राऊटरमध्ये गेस्ट नेटवर्क नावाची सोय असते, ती सुरू करा आणि गल्लीतल्या पोरांना तोच पासवर्ड द्या. हे का सांगते, तर जोडणी ज्याच्या नावावर आहे त्यालाच पोलीस आधी विचारतात. कोणी तुमच्या वायफायवरून काही वाकडं केलं तर दार तुमचंच वाजेल.

नाव काय ठेवायचं? इंग्रजी अक्षरांत ठेवा, काही जुन्या मोबाईलवर आणि मशीनवर देवनागरी नाव चौकोन-चौकोन दिसतं. स्वतःचं नाव, गटाचं नाव, बँकसखी असला शब्द नको. वायफायचं नाव रस्त्यावरून जाणाऱ्यालाही दिसतं, कोणत्या घरात रोकड हाताळली जाते ते त्याला सांगायची गरज नाही. तूर, जांभूळ, सांदवाडी, काहीही चालेल. पासवर्ड निदान आठ अक्षरांचा लागतो, पण मी बारा म्हणेन. मोबाईल नंबर किंवा पोराची जन्मतारीख नको, ते अख्ख्या गावाला माहीत असतात. एकमेकांशी संबंध नसलेले तीन मराठी शब्द इंग्रजी अक्षरांत जोडा आणि शेवटी दोन आकडे. सुरक्षा विचारली तर डब्ल्यूपीए-टू किंवा थ्री निवडा, "ओपन" कधीच नाही. बटणानं जोडणी केली असेल तर काम झाल्यावर डब्ल्यूपीएस बंद करता येतं, करून टाका.

आणखी एक. कधी राऊटरचा पासवर्ड बदलला तर डब्यालाही नवा सांगावा लागतो, नाहीतर तो मुका होतो. अशा वेळी डब्यावरच्या बारीक छिद्रात टाचणी घालून दहा सेकंद दाबून धरा, तो कोरा होतो, मग परत पहिल्यापासून जोडा. दुसऱ्यांदा पाच मिनिटं लागतात.

लाईन गेल्यावर काय, हे प्रत्येक बैठकीत विचारलं जातं. राऊटरसाठी छोटी बारा व्होल्टची बॅटरी मिळते, ती फक्त राऊटर चालवते. एक्स्टेंडर थेट भिंतीच्या प्लगमध्ये बसतो, त्यामुळे त्याला इन्व्हर्टरच लागतो. घरात इन्व्हर्टर असेल तर त्याच्या लाईनवरचा प्लग निवडा, डबा वीज अगदी थोडी खातो, एका छोट्या एलईडी बल्बाइतकी. इन्व्हर्टर नसेल तर लाईन असेपर्यंतच मागचं नेट, हे गृहीत धरून कामाची वेळ ठरवा.

आता डबा घेण्याआधी एक गोष्ट तपासा, कारण काही घरांत त्याची गरजच नसते. लाईनमनला सांगून राऊटरच माजघरात सरकवता येतो का? वायर आठ-दहा हात लांबली तर पुढं आणि मागं दोन्हीकडे पोचतं, पैसाही लागत नाही. नाहीतर जुना राऊटर घरात पडला असेल तर तोही कामाला येतो. ओसरीतल्या राऊटरपासून मागच्या खोलीपर्यंत नेटची वायर टाकायची आणि जुना राऊटर तिथं ॲक्सेस पॉइंट म्हणून जोडायचा. ही वायर शंभर मीटरपर्यंत चालते आणि यात वेग निम्मा होत नाही. जोडायला थोडं जाणकार माणूस लागतं. भिंतीतून वायर न्यायची घरच्यांची तयारी असेल तर मी आधी हाच मार्ग सुचवते. एक्स्टेंडर हा भाड्याच्या घरासाठी, भोकं पाडायची नसतील तिथं, आणि ज्यांना आजच्या आज काम हवं आहे त्यांच्यासाठी. साधा एक्स्टेंडर हजार-दीड हजाराच्या आसपास मिळतो. गटातून कर्ज काढून घेऊ नका असं मी म्हणत नाही, पण आधी कोणाचा तरी मागून आणून दोन दिवस लावून बघा.

काही गटांनी विचारलं की ग्रामसंघाच्या खोलीतलं वायफाय गावाला थोडे पैसे घेऊन देता येईल का. घरगुती जोडणी अशी विकू नका, कंपनीच्या अटींत ते बसत नाही. त्यासाठी डिसेंबर २०२० मध्ये मंजूर झालेली पीएम-वाणी योजना आहे. तिच्यात किराणा दुकानदार किंवा बचत गटसुद्धा सार्वजनिक वायफाय चालवू शकतो, त्याला परवाना किंवा नोंदणी फी लागत नाही. त्यावर एक वेगळा भाग करावा लागेल, आज वेळ नाही.

आणि मिरगाच्या तोंडावर वीज कडाडायला लागली की राऊटर आणि डबा दोन्ही प्लगमधून काढून ठेवा. फायबरमधून वीज येत नाही, पण भिंतीतल्या लाईनमधून येते. गल्लीच्या वरून, एका घरावरून दुसऱ्या घरावर तांब्याची नेट वायर टांगू नका, विजेला ती आयतं बोट देणं आहे. ज्यांनी डबा घेतला आहे पण जमत नाही त्यांनी पुढच्या मासिक बैठकीला डबा आणि त्याच्यावरचा छापील कागद घेऊन या. कागद बहुतेक जणी खोक्याबरोबर फेकतात, तो सांभाळा. नमस्कार.